शिसपेन्सिल, चाकू आणि कंट्रोल-एस

चवथीनंतर गोव्यात, आमच्या फोंड्यात, एखाद्या तरी घरी हे घडतंच. कोणीतरी स्टेटसला टाकण्यासाठी गणपतीचा फोटो चौकोनी कापतो, ‘सेव्ह’ दाबतो, आणि वरची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली रानफळांची आरास, गायब! रान पालथं घालून आणलेली फळं आणि वेली त्या एकाच फोटोत होत्या. मूळ फोटो मागितला, तर तो हाच.

बदल थेट मूळ फाइलवर करायचा की वेगळा ठेवायचा, हा वाद मात्र संगणकाहून जुना आहे. फिल्मच्या काळात मूळ म्हणजे निगेटिव्ह, आणि तिला कोणी हात लावत नसे अशी आपली समजूत. प्रत्यक्षात रिटचर, म्हणजे फोटो हाताने सुधारणारे कारागीर, निगेटिव्हवरच काम करत. राळ आणि टर्पेंटाइनचं मिश्रण चोळलं की तिच्यावर शिसपेन्सिल उमटे. जिथे पेन्सिल फिरली तो भाग प्रिंटमध्ये उजळे; डोळ्यांखालची वर्तुळं आणि देवीचे वण असेच जात. नाही पटलं, तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून टाकायचं. दुसरं हत्यार चाकू. त्याने इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा निगेटिव्हवरचा थर, खरवडलं की खरवडलं, परतीची वाट नाही. (आपल्याकडे उरलेलं काम पावसाळ्यातली बुरशी करी.)

१९९० साली आलेला फोटोशॉप चाकूच्या जातीचा. चित्र उघडा, बदला, सेव्ह करा, त्याच नावाची जुनी फाइल गेली. मागे येता येई तेही एकच पाऊल. लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक सुटे थर, १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आले, रंग-उजेडाचे बदल वेगळ्या थरात ठेवणारे ॲडजस्टमेंट लेयर १९९६ साली. १९९८च्या पाचव्या आवृत्तीने अनेक पावलं मागे जाण्याची सोय दिली, पण फाइल बंद केली की तो इतिहास पुसला जाई. त्यात जेपीईजी या फाइल-प्रकाराची भर. हा प्रकार चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील गाळतो, आणि बदल करून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा गाळतो.

चित्र पालटलं ते रॉ फाइलमुळे. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद. तिच्यात सुधारलेलं चित्र परत भरण्याची सोयच नसते. त्यामुळे बदल बाहेर लिहून ठेवणं भाग पडलं. २००५चा ॲपर्चर आणि २००७चा लाइटरूम या फोटो-प्रोग्रामांनी तीच रीत जेपीईजीलाही लावली. मूळ फोटो जसाच्या तसा राहतो, आणि त्याचं काय करायचं याची पाककृती प्रोग्रामच्या नोंदवहीत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, किंवा शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये. गूगलने २००४ साली घेतलेला पिकासा हा फोटो-प्रोग्रामही बदल वेगळे लिहून ठेवी. सेव्ह केलं तर मूळ प्रत एका लपवलेल्या फोल्डरमध्ये सरकवी. हे माहीत नसलेल्या किती जणांनी ‘फालतू फोल्डर’ म्हणून ती उडवली असेल, देव जाणे.

नव्या रीतीने नवी तक्रार आणली. लाइटरूममध्ये जेपीईजी निवडून कंट्रोल-एस, म्हणजे एरवीची ‘सेव्ह’ची कळ, दाबली तर पाककृती फाइलमध्ये लिहिली जाते, पिक्सेल तेच राहतात. तो फोटो पेनड्राइव्हवर घालून म्हापशाच्या लॅबमध्ये नेला, तर छापून येणार तो न सुधारलेलाच. मूळ फाइलवर सेव्ह हवं म्हणणारे म्हणूनच मला अडाणी वाटत नाहीत. फोल्डर हाच त्यांचा कॅटलॉग असतो.

गिंप या फोटो-प्रोग्रामने २०१२ साली २.८ आवृत्तीत ‘सेव्ह’ फक्त स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारापुरतं ठेवलं. जेपीईजी हवी तर एक्सपोर्ट करा. जुने वापरणारे खवळले, पण निर्णय मागे घेतला गेला नाही. जुन्याच फाइलवर लिहिण्यासाठी वेगळी ओव्हरराइट आज्ञा मात्र मेनूत आहे. २०२१ साली फोटोशॉपने लेयर असलेल्या चित्राची जेपीईजी ‘सेव्ह ॲज’मधून काढून ‘सेव्ह अ कॉपी’मध्ये नेली, तेव्हा इतकी ओरड झाली की जुनी पद्धत काही आठवड्यांतच सेटिंगमध्ये पर्याय म्हणून परत आली.

फोनवर हा प्रश्न बराच मिटला. आयफोनमध्ये फोटोंच्या ॲपमध्ये कापलेला फोटो ‘रिव्हर्ट’ करून पूर्ववत होतो. पण तो त्याच ॲपच्या संग्रहात असेपर्यंतच. मुंबईच्या मावशीला व्हॉट्सॲपवर गेलेली प्रत ही नुसती कापलेली जेपीईजी. तिने काहीही दाबलं तरी त्यातून माटोळी निघणार नाही.