हळू फिरणारा हात आणि त्याची वेगळी नस

तान्ह्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवताना स्पीड किती ठेवायचा हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, तरी हात आपोआप हळू फिरतो. संशोधकांनी हे मोजून पाहिलंय. आईबाबा बाळाला कुरवाळतात किंवा जोडीदार एकमेकांना, तेव्हा हात साधारण सेकंदाला काही सेंटीमीटर एवढाच सरकतो, पण त्याच लोकांना नकली हात कुरवाळायला दिला की तो वेग जमत नाही.

हा वेग का, तर आपल्या कातडीत, खासकरून जिथे लव असते तिथे, सी-टॅक्टाइल नावाचे बारीक मज्जातंतू असतात, ते सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर या वेगाच्या आणि कातडीएवढ्या कोमट स्पर्शालाच सगळ्यात जास्त साथ देतात. त्यांचा संदेशही निवांत जातो, सेकंदाला जेमतेम एक मीटर, साध्या स्पर्शाचे तंतू याच्या कितीतरी पट फास्ट असतात. मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे एक पेशंट, आजारात तिचे फास्ट तंतू गेलेले, त्या भागाला हात लागला तरी कळायचा नाही, पण २००२ मध्ये संशोधकांनी मऊ ब्रश हळूच फिरवला तेव्हा तिला पुसट का होईना पण छान वाटलं! कुठे काय लागलं ते धड सांगता येत नव्हतं, आणि मेंदूत भावनांशी जोडलेला इन्सुला नावाचा भाग जागा झाला होता. म्हणजे 'काय लागलं' आणि 'बरं वाटलं' या दोन बातम्या वेगवेगळ्या वाटांनी जातात.

आता स्पर्श आणि प्रेमाचा विषय निघाला की ज्याचं नाव येतंच ते ऑक्सिटोसिन. याला सगळे 'लव्ह हार्मोन' म्हणतात, मला ते नाव पटत नाही. नऊ अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू आधी ओळखला गेला तो बाळंतपणातल्या कळांसाठी आणि दूध उतरण्यासाठी, १९५३ मध्ये विन्सेंट द्यू विग्नो यांनी तो लॅबमध्ये बनवला आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. प्रेमाशी नाव जोडलं गेलं ते नंतर, प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यामुळे. हे नर-मादी जोडी करून राहतात, पिल्लं दोघं मिळून सांभाळतात, त्यांचेच भाऊबंद मेडो व्होल मात्र एकटे फिरतात, आणि दोघांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन पकडणारे रिसेप्टर वेगळ्या जागी असतात. झालं, लोकांना वाटलं प्रेमाचं बटण सापडलं. पण २०२३ मध्ये जीन एडिटिंग करून हा रिसेप्टरच काढून टाकलेले व्होल तयार केले, तर त्यांनीही जोड्या केल्याच! मग एवढी मोठी गोष्ट एकाच रेणूच्या भरवशावर नाही, डोपामिन, व्हॅसोप्रेसिन अशी मेंदूतली इतर रसायनं, स्पर्श, ओळखीचा वास असं बरंच काही तिला धरून असतं.

माणसांवरचा एक प्रयोग मला नेहमी आठवतो. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित बायकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि आता हलका शॉक बसू शकतो असं सांगितलं. नवऱ्याने हात धरला की मेंदूतली धोक्याची धावपळ कमी झाली, अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला पण तेवढा नाही, आणि ज्यांचा संसार जास्त सुखाचा होता त्यांच्यात नवऱ्याच्या हाताचा परिणाम जास्त दिसला. नवरा तेव्हा काही बोलत नव्हता, नुसता हात धरून होता.