संदर्भसूची, शालेय प्रकल्पातील
संदर्भसूची, शालेय प्रकल्पातील : प्रकल्पासाठी वापरलेले ग्रंथ, लेख, संकेतस्थळे व मुलाखती यांची वहीच्या शेवटी आडनावांच्या वर्णानुक्रमाने दिलेली यादी. मजकुरातील प्रत्येक निर्देश या यादीत सापडला पाहिजे.

कंसात आडनाव व वर्ष देण्याची पद्धत ‘हार्वर्ड’ म्हणून ओळखली जाते. तिचा उगम बहुधा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या निबंधात असावा. विषय होता बिनशंखी गोगलगायीचे अंडे. मार्क यांना ही निर्देशपद्धत तेथील संग्रहालयाच्या ग्रंथालयातील तालिकांवरून सुचली असावी, असाही तर्क आहे.

सांगणाऱ्याचा हवाला जपण्याची परंपरा विदर्भात मात्र फार जुनी आहे. लीळाचरित्र या ग्रंथासाठी म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या सहवासातील माणसांकडून आठवणी मिळवल्या. त्याचा रचनाकाल १२७८ च्या सुमाराचा देतात. नंतरची वर्षेही सुचवली गेली आहेत. तेराव्या शतकाचे अखेरचे चरण म्हणणे अधिक सुरक्षित. मूळ पोथी हरवल्यावर अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध झाली, असे महानुभाव परंपरा सांगते; हिराइसेचा पाठ अशा स्मरणातून सिद्ध झालेल्या पाठांपैकी एक. पाठ कोणाचा, हे जपले गेले, ही गोष्ट येथे मोलाची आहे.

वऱ्हाडातील शाळांत गुलाबी बोंडअळी किंवा गावतलाव यांवरील प्रकल्पाला अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पुस्तिका मिळते, पण बरीच माहिती सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि घरची वडीलधारी माणसेच देतात. ‘आबाजीनं सांगतलं’ एवढ्याने भागत नाही. आडनाव, नाव, गाव, तालुका, ‘मुलाखत’ हा शब्द आणि दिनांक, असा पूर्ण निर्देश हवा. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संस्थेच्या पद्धतीत विद्यार्थ्याने स्वतः घेतलेली अप्रकाशित मुलाखत केवळ मजकुरात नोंदवतात, एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीत ती सूचीतही येते. ग्रामीण प्रकल्पांना दुसरी पद्धत न्याय देणारी आहे.

एपीएच्या नियमपुस्तिकेच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ गाळले. मराठीत ते ठेवावे, कारण यवतमाळ किंवा अमरावतीत छापलेली छोटी पुस्तिका शोधताना गावाचे नावच कामी येते. जुन्या पुस्तिकेवर वर्ष नसल्यास ‘वर्ष दिलेले नाही’ असे लिहावे, अंदाजाने भरू नये.

संकेतस्थळासाठी ‘गूगल’ हा निर्देश पुरत नाही. लेखाचे शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, पत्ता आणि पाहिल्याचा दिनांक द्यावा.