पऱ्हाटीच्या ग्रुपमधलं काय जपायचं?

यवतमाळ-वर्ध्याकडे पऱ्हाटी म्हणजे कपाशी. तिथल्या कितीतरी शेतकरी गटांचा कारभार आता व्हॉट्सॲपवरच चालतो. बियाणं कोणतं आणायचं, कामगंध सापळ्यात (बोंडअळीच्या नर पतंगांना गंधानं ओढणाऱ्या) किती पतंग आले, जिनिंगला गाडी कधी जाणार, सगळं तिथंच. हंगाम सरला की प्रश्न पडतो: हा पसारा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा की पुसायचा?

जागेची काळजी नको. फोनमध्ये अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. १०० चिन्हांचा निरोप म्हणजे ३०० बाइट. असे ४०,००० निरोप धरले तरी १२ एमबीच होतात. फोन भरतो तो 'शुभ सकाळ'च्या व्हिडिओंनी. मात्र पोचलेला निरोप कंपनीच्या सर्व्हरवर राहत नाही, आपल्या फोनमध्येच राहतो. फोन विहिरीत पडला आणि बॅकअप नसला, तर तुमच्याकडचं मागचं सारं गेलं. 'अर्काइव्ह' केल्यानं गप्पा यादीतून नजरेआड होतात इतकंच. प्रत हवी तर 'एक्स्पोर्ट चॅट' वापरावं, तेही फोटो वगळून.

खरी गोम शोधण्यात आहे. साधा शोध अर्थ पाहत नाही; फोनमध्ये प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक असतो, तेवढे क्रमांक जुळवतो. कुणी कपाशी लिहितो, कुणी पराटी, कुणी पऱ्हाटी. त्यातही 'ऱ्ह' दोन रीतींनी टाइप होतो: खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत क्रमांक वेगळे. एक सापडतो तेव्हा दुसरा सुटू शकतो. आवाजी निरोपांचं तर विचारूच नका, आणि फवारणीच्या दिवसांत टाइप करत बसतो कोण?

बरं, सापडलं तरी उलगडेलच असं नाही. "भाऊ, कोनतं मारू?" "मांगच्या साली मारलं थेच." औषध कोणतं, वावर कोणाचं, पाऊस होता का, हे त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी लिहिलं नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ साली मांडले: पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या दिवसातच निसटतो. त्यांनी पाठ केली होती ती निरर्थक अक्षरं. शेतीचे निर्णय थोडे जास्त टिकत असतील, पण वर्षभर टिकतील याचा भरवसा नाही.

म्हणून मजकुराची प्रत वर्षाकाठी काढावी, पण भिस्त तिच्यावर नको. निर्णय झाला त्याच संध्याकाळी गटाच्या वहीत तारीख, वावर, पतंगांची संख्या, काय ठरलं आणि का, एवढं उतरवावं. गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा निकष सलग ३ रात्री, दर सापळ्यात दर रात्री ८ पतंग असा आहे. तारखांशिवाय तो तपासणार कसा? २०१७ साली या अळीनं विदर्भातली कपाशी झोडपली. त्या हंगामाची अशी वही ज्या गटाकडे असेल, त्याला ती आजही उपयोगी पडेल.

पीकविम्यासाठी ग्रुपवर टाकलेले आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो मात्र अजिबात साठवू नयेत. काम झालं की प्रत्येकानं आपापल्या फोनमधून ते काढावेत. एकानं स्वतःपुरते पुसले, तरी बाकीच्यांच्या फोनमध्ये ते तसेच राहतात.