किनाऱ्यापासून हजार किलोमीटर आत डोंगर कसे उठतात?

पृथ्वीच्या वरच्या थराचे दोन प्रचंड तुकडे, म्हणजे प्लेट्स, धडकल्या की काठावर पर्वत होतात एवढं शाळेत शिकवतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण कोलोरॅडो-वायोमिंगचे रॉकी पर्वत बघा, पॅसिफिक किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर आत, आणि साधारण ८ ते ५ कोटी वर्षांपूर्वी ते उठले तेव्हा धडकायला दुसरा खंड नव्हताच. होती फक्त फॅरेलॉन नावाची समुद्री प्लेट, जी अमेरिकेखाली घुसत होती.

आता खरी गंमत. खाली जाताना समुद्री प्लेटमधल्या बेसॉल्ट खडकाचा प्रचंड दाबामुळे एक्लोजाइट होतो, हा खडक भोवतालच्या मँटलपेक्षा, म्हणजे कवचाखालच्या जाड थरापेक्षा, जड असतो, त्यामुळे प्लेट तिरकी बुडत जाते आणि मागचा भागही ओढून नेते, पलंगावरून लोंबलेली चादर घसरते तशी. पण समुद्री कवच नेहमी ७ किलोमीटरच्या आसपास असतं, ते एखाद्या ठिकाणी दुप्पट-तिप्पट जाड असेल तर? एवढ्या बेसॉल्टचा एक्लोजाइट व्हायला वेळ लागतो, तोवर तो हलकाच राहतो, प्लेट बुडतच नाही, खंडाच्या पोटाखालून आडवी सरकत राहते. फॅरेलॉनचं असंच झालं असं अनेक संशोधक मानतात. मधला गरम मँटल बाजूला रेटला गेला, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत मॅग्मा (वितळलेला खडक) तयार होणं थांबलं, आणि ताण थेट आतपर्यंत पोचला. तिथे वरच्या थरांना नुसत्या घड्या नाही पडल्या, खालचा ग्रॅनाइट-नाइस हा पायाचा जुनाट खडकच मोठमोठ्या फॉल्ट्सवरून, म्हणजे जमिनीतल्या भेगांवरून, वर सरकला. वायोमिंगच्या विंड रिव्हर रांगेत अडीचशे कोटी वर्षांहून जुने खडक डोंगरमाथ्यावर दिसतात ते यामुळे. हा ताण प्लेटच्या तळाशी घासून आला की काठावरच्या रेट्यातून, यावर मात्र अजून भांडणं चालू आहेत.

हे आजही चालू आहे. फॅरेलॉनचाच एक तुकडा असलेली नाझ्का प्लेट अर्जेंटिनाखाली सुमारे १०० किलोमीटर खोलीवर आडवी झालीय, तिथे अँडीजमध्ये जागृत ज्वालामुखी नाहीत आणि पूर्वेला सिएरास पाम्पेआनास हे डोंगर उठतायत. त्याच पट्ट्यात १९४४ साली सान हुआन शहर भूकंपात उद्ध्वस्त झालं, सुमारे १०,००० माणसं गेली. असं काही झालं की ग्रहांच्या युतीचे मेसेज फिरतात, कृपा करून पुढे पाठवू नका, वर्षाला काही सेंटिमीटर सरकणाऱ्या प्लेटला कुठल्या मुहूर्ताची गरज नसते. त्यापेक्षा आपलं शहर फॉल्टजवळ आहे का आणि घरं भूकंप सोसतील अशी बांधलीयत का हे विचारा, कारण धोका फक्त किनाऱ्यालाच असतो असं नाही.