क्रोनेनबर्ग, डेव्हिड

क्रोनेनबर्ग, डेव्हिड : (१५ मार्च १९४३). कॅनेडियन चित्रपट-दिग्दर्शक व पटकथाकार. जन्म टोरांटो येथे. टोरांटो विद्यापीठात त्यांनी आधी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला, पण लवकरच ती सोडून इंग्रजी साहित्य हा विषय निवडला व १९६७ मध्ये पदवी मिळवली. जीवशास्त्राची ओढ मात्र सुटली नाही. स्टिरिओ (१९६९) हा चित्रपट त्यांनी आवाज करणाऱ्या कॅमेऱ्यावर चित्रित केला. कॅमेऱ्याच्या आवाजात संवाद ध्वनिमुद्रित करणे शक्य नव्हते, त्यामुळे त्यात संवादांऐवजी वैज्ञानिक अहवालाच्या थाटाचे निवेदन आले. ही अलिप्त, प्रयोगशाळेतली नजर पुढेही त्यांच्या शैलीचा कणा राहिली.

शिव्हर्स (१९७५) या पहिल्या व्यावसायिक चित्रपटात माँट्रिऑलजवळच्या एका आलिशान इमारतीतील रहिवाशांत परजीवी जंतू पसरतो. त्याला सरकारी चित्रपट-निधीचे साहाय्य होते. करदात्यांचा पैसा अशा चित्रपटासाठी का, असा सवाल समीक्षक रॉबर्ट फुलफर्ड यांनी टोपणनावाने लिहिलेल्या लेखात केला आणि वाद पेटला. चित्रपटाला नफा झाला, तरी पुढच्या चित्रपटासाठी निधी मिळवणे अवघड गेले. रॅबिड (१९७७), द ब्रूड (१९७९) व स्कॅनर्स (१९८१) यांनी त्यांचे नाव देशाबाहेर नेले. व्हिडिओड्रोम (१९८३) मध्ये दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण प्रेक्षकाच्या शरीरातच बदल घडवते.

त्यांना ‘बॉडी हॉरर’ (शरीरभय, म्हणजे शरीराच्या विद्रूपीकरणातून भय निर्माण करणारे चित्रपट) या प्रकाराचे जनक म्हटले जाते. हे विधान जपून करावे लागते. ही संज्ञा सामान्यतः ऑस्ट्रेलियन लेखक फिलिप ब्रॉफी यांच्या १९८३ च्या सुमाराच्या लेखापर्यंत मागे नेली जाते. १९८६ मध्ये स्क्रीन या ब्रिटिश नियतकालिकाने तो लेख पुन्हा छापल्यावर ती अधिक रूढ झाली असावी. म्हणजे क्रोनेनबर्ग यांचे आरंभीचे चित्रपट या नावाआधीचे आहेत. शरीराच्या विद्रूपीकरणाचे भयही त्यापूर्वीच्या चित्रपटांत आढळते. फरक प्रक्रियेत आहे, आणि द फ्लायच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की तो लख्ख दिसतो. १९५८ च्या चित्रपटात शास्त्रज्ञाला माशीचे डोके व एक अवयव एका फटक्यात चिकटतो. क्रोनेनबर्ग यांच्या १९८६ च्या चित्रपटात मिश्रण जनुकांच्या पातळीवर होते. आधी अंगात नवा जोम येतो, मग नखे व दात गळतात, कातडी सडते. रुग्ण स्वतःच्या आजाराची टिपणे ठेवत जातो. टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या या रंगभूषेसाठी ख्रिस वॉलस व स्टेफन द्युप्वी यांना ऑस्कर मिळाले. अनेकांनी हा चित्रपट एड्सचे रूपक म्हणून वाचला. स्वतः क्रोनेनबर्ग यांनी वार्धक्य व रोग असा व्यापक अर्थ सुचवला असून संहितेशी तोच अधिक जुळतो.

चित्रपट-समीक्षक रॉबिन वूड यांनी १९७९ मध्ये क्रोनेनबर्ग यांच्या तोवरच्या चित्रपटांना प्रतिगामी ठरवले. त्यांत लैंगिकतेविषयी घृणा आहे, असे त्यांचे मत. शिव्हर्सकडे रोगाच्या बाजूने पाहावे, असे क्रोनेनबर्ग यांचे म्हणणे आहे. ते मानले तर वूड यांचा आक्षेप बराच सैल पडतो, कारण इथे राक्षस बाहेरून येत नाही. तो देहाचीच एक शक्यता असतो.

डेड रिंगर्स (१९८८) मध्ये जेरेमी आयर्न्स यांनी जुळ्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दोन्ही भूमिका केल्या. संगणकाने नियंत्रित कॅमेऱ्यामुळे दोघे एकाच चौकटीत, तेही चालत्या दृश्यात दाखवता आले. क्रॅशला (१९९६) कान महोत्सवात विशेष ज्युरी पारितोषिक मिळाले, तर लंडनमधील वेस्टमिन्स्टर परिषदेने तो आपल्या हद्दीत दाखवू दिला नाही. अ हिस्टरी ऑफ व्हायलन्स (२००५) व ईस्टर्न प्रॉमिसेस (२००७) हे गुन्हेपट आहेत.

द ब्रूडपासून त्यांच्या जवळजवळ सर्व चित्रपटांचे संगीत हॉवर्ड शोर यांचे आहे. क्रोनेनबर्ग यांची कन्झ्यूम्ड ही कादंबरी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह देण्यात आला. क्राइम्स ऑफ द फ्यूचर (२०२२) मध्ये ते पुन्हा शरीराकडे वळले. शीर्षक त्यांच्याच १९७० च्या चित्रपटाचे, कथा मात्र नवी.