नुसतं ‘फंगस’ म्हणू नका: ॲस्परजिलस की म्युकर?

2021 च्या मे महिन्यात ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरात पोचला, तेव्हापासून माझी चिडचिड चालू आहे. कांद्याच्या सालीवर जी काळी भुकटी बसते ती ॲस्परजिलस नायजर. तीच ‘काळी बुरशी’ समजून कांद्याविरुद्ध मेसेज फिरले. आणि ज्या आजारासाठी लोक ॲम्फोटेरिसिन या बुरशीनाशक औषधाच्या मागे वणवण फिरत होते तो म्युकरमायकोसिस. म्युकरची बुरशी काळी नसतेच. ती रक्तवाहिन्यांत घुसून त्या बुजवते, रक्त न पोचलेलं मांस मरतं आणि काळं पडतं ते हे मांस.

फुफ्फुसाच्या आजारात हा घोळ जिवावर बेतू शकतो.

दोघींत सारखं काय, ते पटकन उरकतो. बीजाणू हवेत असतात, रोज आपल्या श्वासातून आत जातात आणि धडधाकट माणसाला काही होत नाही. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या, बोन मॅरो किंवा किडनी बदललेली, स्टेरॉइड लांबलेलं, अशा माणसाला दोन्ही गाठतात. अँटिबायोटिक देऊनही न उतरणारा ताप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त: लक्षणांवरून फरक कळत नाही. माणसाकडून माणसाला दोन्ही लागत नाहीत. हाताबाहेर गेलेली साखर म्युकरला विशेष मानवते, एवढं लक्षात ठेवा.

आता खरा मुद्दा: औषध. ॲस्परजिलसवर वोरिकोनॅझोल जुन्या ॲम्फोटेरिसिनपेक्षा सरस ठरतं, हे 2002 सालच्या चाचणीत दिसलं आणि तेव्हापासून ते पहिल्या पसंतीचं झालं. म्युकरवर मात्र ते देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वोरिकोनॅझोल चालू असतानाच म्युकर उपटल्याचे रुग्ण जगभर नोंदले गेलेत. म्युकरला लागतं लिपोसोमल (म्हणजे चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरलेलं) ॲम्फोटेरिसिन, वजनाच्या दर किलोला रोज 5 मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि जमेल तिथे मेलेला भाग कापून काढणं. चुकीच्या औषधावर गेलेले चार दिवस म्युकरच्या रुग्णाला परवडत नाहीत.

मग ओळखायचं कसं? इथे बहुतेकांचा पाय घसरतो तो गॅलॅक्टोमॅननवर. ही तपासणी ॲस्परजिलसच्या भिंतीतून सुटणारी साखर शोधते. म्युकर ती सोडत नाही. बीटा-डी-ग्लुकन या दुसऱ्या तपासणीचंही तेच, तीतही म्युकर सापडत नाही. तरी रिपोर्ट हातात घेऊन ‘निगेटिव्ह आलंय, म्हणजे बुरशी नाही’ म्हणणारे भेटतातच. सीटीवर बुरशीसारखी गाठ आहे आणि दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आहेत, तर माझा म्युकरचा संशय उलट वाढतो. गाठीभोवती धूसर कडं असेल तर ॲस्परजिलस आणि मध्ये धूसर, कडेला घट्ट असेल तर म्युकर, हा सीटीचा ठोकताळा बरा आहे. पण त्यावर शिक्का मारू नये.

मला विचाराल तर काचपट्टीइतकं विश्वासाचं काही नाही. रुग्णाच्या आजारी भागातून काढलेल्या तुकड्यावर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून मायक्रोस्कोपखाली धरा. ॲस्परजिलसचे धागे सडपातळ, एकसारख्या रुंदीचे, उसासारखी पेरं असलेले, फाटा साधारण 45 अंशांत फुटलेला. म्युकरचे धागे रुंद, कुठे फुगीर कुठे चिमटलेले, दुमडलेल्या फितीसारखे. पेरं जवळजवळ नाहीतच आणि फाटा काटकोनाकडे झुकलेला. हे त्याच दिवशी दिसतं. म्हणून ‘फंगल हायफी (बुरशीचे धागे) आढळले’ एवढंच लिहून सही ठोकणारा रिपोर्ट मला अर्धवट वाटतो. रुंद की सडपातळ, पेरं आहेत की नाहीत, हे लिहायला आणखी एक ओळ लागते.

कल्चरमध्येही, म्हणजे तुकड्यातली बुरशी बशीत वाढवून बघण्यातही, एक खोच आहे. पेरं नसल्यामुळे म्युकरचा धागा तुटला की आतलं सगळं वाहून जातं आणि तो मरतो. तुकडा खलबत्त्यात वाटल्यासारखा वाटला तर बशीत काहीच उगवत नाही. तो ब्लेडने बारीक चिरायचा असतो. आणि तेही तुकडा जिवंत पोचला तर! ऑपरेशन थिएटरमधून बाटली आली की मी आधी झाकण उघडून वास घेतो. बुरशी मारून टाकणाऱ्या फॉर्मलिनचा वास आला की फोन उचलतो: ‘सलाइनमध्ये एखादा तुकडा ठेवलाय का हो?’