वकील परवडत नाही? मोफत विधी सेवेचा अर्ज: कोण करू शकतं, कागद कोणते, कुठे द्यायचा

कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण ही सोय फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांसाठी आहे आणि आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, असाही समज पक्का बसलेला आहे. मग लोक दाखल्यामागे धावतात आणि इकडे समन्सवरची तारीख उलटून जाते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याचं कलम १२ एकदा नीट वाचलं, तर अर्धी धावपळ वाचते.

उत्पन्न कोणाला विचारलंच जात नाही?

कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं थेट पात्र आहेत. बाई नोकरी करते का, नवऱ्याचा पगार किती, माहेरी जमीन आहे का, यातलं काहीही पात्रतेसाठी पाहिलं जात नाही. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी, पूर, दुष्काळ, भूकंप, औद्योगिक दुर्घटना किंवा जातीय अत्याचार यांची झळ बसलेले लोक, तसंच कोठडीत, तुरुंगात, सुधारगृहात किंवा मनोरुग्णालयात असलेली व्यक्ती, या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही.

उत्पन्नाचा प्रश्न येतो तो यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात ही मर्यादा वार्षिक तीन लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी पाच लाख. तिथेही कलम १३ म्हणतं की अर्जदाराचं उत्पन्नाबाबतचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानावं, मात्र त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तलाठी-तहसीलचा दाखला जवळ असेल तर जोडा, नसेल तर त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

पात्रतेबरोबर आणखी एक गोष्ट तपासली जाते: दावा चालवण्याजोगं किंवा बचाव करण्याजोगं प्रथमदर्शनी प्रकरण आहे का. ही चाळणी फार बारीक नसते. निव्वळ कोणाला त्रास द्यायला केलेले अर्ज बाजूला काढण्यापुरतीच ती आहे.

अर्ज कुठे द्यायचा?

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, तिथले सर्वात वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. प्रधान जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असले, तरी तुमचं रोजचं काम पडतं ते सचिवांशी, आणि तेही न्यायिक अधिकारीच असतात. उच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे जायचं. प्रकरण ज्या कोर्टात आहे किंवा दाखल व्हायचं आहे, त्याच पातळीवर अर्ज दिला तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसत नाही. कार्यालय कुठे आहे तेच कळत नसेल, तर १५१०० ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची (नालसा) मोफत हेल्पलाइन आहे. नालसाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो.

अर्ज मराठीत चालतो आणि त्याला कसलीही फी नाही. लिहिता-वाचता येत नसेल, तर तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक तुमचं म्हणणं लिहून घेतात, त्यावर अंगठा घेतात, आणि तोच अर्ज धरला जातो. यासाठी बाहेरच्या टायपिंगवाल्याला पैसे मोजायची गरज नाही.

सोबत काय न्यायचं?

ओळखीसाठी आधार किंवा मतदार ओळखपत्र. ज्या गटातून अर्ज करताय त्याचा पुरावा: जातीचा दाखला, अपंगत्व प्रमाणपत्र, किंवा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र. बाईला गटाचा वेगळा पुरावा लागतच नाही.

खरं वजन मात्र प्रकरणाच्या कागदांना आहे, आणि नेमके तेच लोक घरी ठेवून येतात. दाव्याचं समन्स आणि त्यासोबत आलेली दाव्याची प्रत, वकिलाची नोटीस, एफआयआर, दोषारोपपत्र, आधीचे हुकूम, जमिनीचा वाद असेल तर सातबारा आणि फेरफार. समन्सवर किंवा हुकमावर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक छापलेला असेल तर तो वेगळा लिहून ठेवा, त्यावरून प्रकरणाची पुढची तारीख ई-कोर्टच्या संकेतस्थळावर लगेच सापडते. आणि समन्स तुमच्या हातात कोणत्या दिवशी पडलं, ती तारीख अर्जातच लिहा.

ही तारीख का महत्त्वाची? दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायला समन्स बजावल्यापासून ३० दिवस असतात. न्यायालय कारणं नोंदवून मुदत वाढवतं, पण कायद्यात लिहिलेली हद्द ९० दिवसांची आहे. त्यापुढे विना कैफियत हुकूम झाला, तर तो रद्द करून घेण्यातच निम्मी शक्ती जाते. दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत करावं लागतं. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, म्हणून निकाल लागल्याबरोबर नकलेचा अर्ज टाकावा. विधी सेवेचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून ही घड्याळं आपोआप थांबत नाहीत. त्यामुळे कागद अपुरे असले तरी अर्ज आधी द्या, पोच घ्या, राहिलेले कागद मागाहून जोडा. त्यातच पुढची तारीख पडली, तर स्वतः कोर्टात हजर राहून विधी सेवेकडे अर्ज केल्याचं सांगा आणि पोच दाखवून मुदत मागा. पुकारा झाला तेव्हा कोणीच हजर नव्हतं, यापेक्षा ते कधीही बरं.

नियमाप्रमाणे अर्जावर तातडीने, जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. आठवडा उलटूनही काही कळलं नाही, तर पोच घेऊन सचिवांना भेटा.

वकील मिळाल्यावर

मंजुरीनंतर पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या वकिलाची नेमणूक होते आणि तसं पत्र मिळतं. पॅनेलमधला एखादा वकील तुम्हाला हवा असेल तर अर्जात नाव सुचवता येतं. ते मान्य करणं प्राधिकरणाच्या हातात आहे. पॅनेलवर नसलेला, बाहेर मोठं नाव असलेला वकील मागितला तर तो मिळत नाही.

मोफत म्हणजे फक्त वकिलाची फी नव्हे. कोर्ट फी, प्रोसेस फी (समन्स-नोटीस बजावण्याची फी), अर्ज-दाव्यांचा मसुदा, नकला, भाषांतर, अपिलाची कागदपत्रं असा सगळा खर्च त्यात येतो. ‘टायपिंग आणि झेरॉक्सचं तेवढं द्या’ अशी मागणी झाली, तर द्यायचं काहीच कारण नाही. पैसे मागणं, तारखेला न येणं, फोन न उचलणं या सगळ्याची लेखी तक्रार सचिवांकडे करता येते आणि वकील बदलून मागता येतो. लोक इथे भिडेपोटी गप्प बसतात, आणि नुकसान त्यांच्याच प्रकरणाचं होतं.

महाराष्ट्रातल्या स्त्रियांसाठी एक वेगळी सवलत आहे. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्तेचा वाद अशा प्रकरणांत १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने त्यांना कोर्ट फी माफ आहे. वकील खाजगी लावला तरी ही माफी मिळते.

फौजदारी प्रकरण असेल तर

इथे हक्क आणखी पक्का आहे. खत्री प्रकरणात (१९८१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणलं जातं तेव्हापासून मोफत वकिलाचा हा हक्क सुरू होतो, आणि तो आहे हे सांगणं न्यायदंडाधिकाऱ्याचं काम आहे. सुक दास या अरुणाचलच्या सरकारी कर्मचाऱ्याला वकिलाशिवाय खटला चालवून शिक्षा झाली होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि त्याने वकील मागितलाच नव्हता हा बचाव मान्य केला नाही. आता अनेक जिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांचं लोक अभिरक्षक कार्यालय आहे. घरचं माणूस अटकेत असेल, तर त्याच्या वतीने नातेवाइकांनी तिथे जावं. कैद्याला तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रातूनही अर्ज करता येतो. मात्र लोक अभिरक्षक कार्यालय आरोपींपुरतं आहे. फिर्यादी किंवा पीडित असाल, तर पॅनेलवरचा वकील मागायचा.

अर्ज फेटाळला तर

कारण लेखी मागा. सचिवांच्या निर्णयाविरुद्ध त्याच प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. नाकारण्याचं कारण उत्पन्न हे असेल आणि तुम्ही कलम १२ मधल्या दुसऱ्या एखाद्या गटातही बसत असाल, तर अपिलात ते स्पष्ट लिहा. अर्ज करताना चुकून ‘उत्पन्न’ या रकान्यावर खूण केल्यामुळे बाईचा किंवा कामगाराचा अर्ज मागे आला असेल, तर तो तेवढ्यानेही मार्गी लागू शकतो.